दंतकथेचा धनी

१

ग्रीक देवदेवतांशी मराठी वाचकाची ओळख शाळेच्या पुस्तकांतून होते. आर्थर राजा आणि त्याचे सरदार टेनिसनच्या काव्यामुळे कानांवरून गेलेले असतात. केल्टिक पुराणकथांचे तसे नाही. कूखुलिन, डियर्ड्रा, फिन, ओशीन ही नावे आपल्याला बहुधा येट्सच्या कवितांच्या आणि नाटकांच्या तळटिपांतून भेटतात, आणि तळटिपेत भेटलेल्या माणसाशी सहसा स्नेह जुळत नाही. नाव लक्षात राहते, पराक्रमही लक्षात राहतो. परंतु ती कथा कोणी, कोणापुढे, कोणत्या अधिकाराने सांगितली, हे विचारावे असे वाटत नाही.

हा प्रश्न न विचारल्यामुळे या कथांविषयीचे आपले लेखन साम्यदर्शनाच्या एकाच चाकोरीतून फिरत राहते. कूखुलिन आपल्याच पुत्राला द्वंद्वात ठार करतो, हे वाचताच रुस्तुम-सोहराब आठवतात, अर्जुन-बभ्रुवाहन आठवतात. ही साम्ये खोटी नव्हेत. माइल्स डिलन या आयरिश विद्वानाने, भारत आणि आयर्लंड या एकाच भाषाकुलाच्या दोन दूरच्या टोकांना काही अतिप्राचीन संस्कार टिकून राहिले, असे साधार मांडले आहे. त्याच्याही पुष्कळ आधी, १८७५ मध्ये, सर हेन्री मेन याने आयर्लंडच्या जुन्या कायद्यातील एका रीतीकडे लक्ष वेधले होते : धनकोने ऋणकोच्या दारी उपाशी बसायचे आणि ऋण पदरात पाडून घ्यायचे. आपल्याकडील धरण्याचीच ही सख्खी बहीण. कचेरीच्या दारातील धरणे ज्यांनी नोकरीत अनेकदा पाहिली आहेत, त्या आपल्या वाचकांना या नात्याची मौज वाटेल. तथापि साम्यांची यादी कितीही लांबवली, तरी तिने कथेचे मोल ठरत नाही.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, दंतकथा जगते ती सांगणाऱ्याचा हक्क आणि ऐकणाऱ्याचे देणे या दोहोंच्या आधारावर. हा संबंध तुटला की कथा ग्रंथालयात जाते, पुतळ्यात जाते, कधी चित्रातही जाते; पण तिला धनी उरत नाही. ज्यांना आज आपण केल्टिक पुराणकथा म्हणतो, त्यांचा इतिहास म्हणजे हा संबंध जुळण्याचा, तुटण्याचा आणि मागाहून तो पुन्हा सांधू पाहण्याचा इतिहास होय. आणि जबलपुरात बसून तो वाचू लागले की, मदनमहालाच्या खडकापासून मंडल्याच्या रानापर्यंत तोच इतिहास आपल्या दारात घडलेला दिसतो.

२

प्रथम आयरिश कथेकडेच पाहू. तिचा मुकुटमणी म्हणजे कूलीच्या गोधनाच्या लुटीची कथा, ‘तॉइन’. कॉनाख्टची राणी मेव आणि तिचा पती अलिल शय्येवर पडल्या पडल्या आपापल्या संपत्तीची मोजदाद करतात. पतीपाशी एक पांढऱ्या शिंगांचा वळू अधिक भरतो, आणि त्याच्या तोडीचा तपकिरी वळू अल्स्टरमधून आणण्यासाठी राणी सैन्य काढते. अल्स्टरचे योद्धे एका शापामुळे वेणा सोसत अंथरुणाला खिळलेले असतात. सतरा वर्षांचा कूखुलिन तेवढा उभा असतो, आणि नदीच्या उतारावर रोज एक, असे प्रतिपक्षाचे वीर तो अडवीत राहतो.

एका वळूसाठी एवढा संहार, हे वाचून हसू येईल. पण कवीला ते हसू अभिप्रेतच आहे. कथेचे खरे सामर्थ्य फेर्दियाच्या प्रसंगात आहे. फेर्दिया आणि कूखुलिन एकाच गुरूपाशी शिकलेले, मानलेले भाऊ. राणी मेव त्याला लोभ, लाज आणि निंदेचे भय दाखवून उतारावर पाठवते. दिवसभर दोघे लढतात. संध्याकाळी शस्त्रे टाकून एकमेकांना मिठी मारतात. दोघांचे घोडे एकाच कुरणात, दोघांचे सारथी एकाच शेकोटीपाशी. एकाकडील औषधी वनस्पती दुसऱ्याच्या जखमांसाठी जाते, दुसऱ्याकडील अन्न पहिल्यासाठी येते. तिसऱ्या रात्री मात्र शेकोट्या वेगळ्या पेटतात. चौथ्या दिवशी फेर्दिया पडतो आणि कूखुलिन त्याला उचलून उताराच्या आपल्या बाजूला आणतो, शोक करतो. शेकोट्या वेगळ्या झाल्या एवढ्या एका तपशिलात कवीने सारे सांगून टाकले आहे. असा संयम ज्या परंपरेत आहे, ती केवळ चमत्कारांची पेटी नव्हे.

परंतु हे आपल्यापर्यंत आले कसे? बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या हस्तलिखितात ‘तॉइन’ संपल्यावर दोन टिपा आहेत. पहिली आयरिश भाषेत : ही कथा याच रूपात, काही न बदलता, जो मुखोद्गत ठेवील त्याला आशीर्वाद. दुसरी लॅटिनमध्ये : आपण हे लिहिले खरे, पण यातील पुष्कळसे आपल्याला पटत नाही, काही सैतानाच्या लीला, काही कविकल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. एकाच पानावर श्रद्धा आणि संकोच शेजारी शेजारी बसलेले आहेत. मातृभाषेत लेखक कथेचा वारस आहे, शिक्षणाच्या भाषेत तो तिचा परीक्षक आहे. इंग्रजीत अहवाल लिहून घरी आजीच्या कहाण्या ऐकलेल्या आपल्या कित्येक पिढ्यांना ही दुभंगलेली अवस्था परकी वाटू नये.

याहूनही मार्मिक आहे ती ‘तॉइन’ हरवल्याची आणि सापडल्याची कथा. प्रमुख कवी शेनखान याने आयर्लंडच्या कवींना गोळा करून विचारले, तेव्हा संपूर्ण कथा कोणालाच येत नव्हती. का? तर एका पंडिताने ती पूर्वेकडे नेली होती आणि तिच्या मोबदल्यात एक ग्रंथ देशात आला होता. हा ग्रंथ म्हणजे सेव्हिलच्या इसिडोरचा ज्ञानकोश, असे अभ्यासक मानतात. ज्ञानकोश मिळवण्यासाठी स्वतःची कथा देऊन टाकली! शेनखानाचा पुत्र मुर्गेन ती शोधायला निघतो. वाटेत फर्गसच्या थडग्यापाशी एकटाच बसून, फर्गस समोर असल्यासारखे मानून त्याच्यावर गीत गातो. तेव्हा तीन दिवस आणि तीन रात्री धुक्याने तो वेढला जातो आणि त्या युद्धाचा साक्षी असलेला फर्गस प्रकट होऊन आरंभापासून शेवटपर्यंत कथा सांगतो. आपल्या गुणाढ्याने सातवाहनाने अव्हेरलेली बृहत्कथा पशुपक्ष्यांना ऐकवून एकेक पान अग्नीत टाकले. तेथे राजा चुकला. आयर्लंडात विद्वान चुकले.

३

ज्यांच्याकडून कथा हरवली ते कवी म्हणजे रस्त्यावरचे गवई नव्हते. ‘फिली’ हा त्यांचा वर्ग, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या; सर्वोच्च पदवीसाठी बारा वर्षांचे अध्ययन आणि साडेतीनशे कथा मुखोद्गत असण्याची अपेक्षा. राजाची वंशावळ त्यांच्या जिभेवर असे, म्हणून राजाचा मानही त्यांच्या हाती असे. ब्रेस नावाच्या कृपण राजाकडे एक कवी पाहुणा गेला; त्याला काळोखी खोपट मिळाले, विस्तव नाही, बिछाना नाही, ताटात तीन सुक्या भाकऱ्या. सकाळी त्याने राजावर निंदाकाव्य रचले आणि त्या दिवसापासून ब्रेसचे राज्य ओसरले. आयर्लंडातील हे पहिले निंदाकाव्य, असे परंपरा सांगते.

आता नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानाकडे वळू. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. त्यांची उत्पत्तिकथाच त्यांचा हक्क सांगते : सात भावांत धाकट्याने साजाच्या झाडाखाली बाना वाजवून रुष्ट बडादेवाला प्रसन्न केले, तो परधानांचा मूळपुरुष. बाना म्हणजे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य. त्यात बडादेवाचा वास मानतात. परधान दर तिसऱ्या वर्षी आपल्या गोंड यजमानाच्या दारी येतो, वंशाची गाणी गातो आणि आपला वाटा घेतो. हा फेरा म्हणजे ‘मंगतेरी’. शब्दावरून ती भिक्षा वाटेल. परंतु थोरल्या भावाच्या घरून धाकट्याने आपला हिस्सा न्यावा, असा तिचा भाव आहे. यजमानाच्या घरी मृत्यू झाला तरी परधानाचा मान असतो. आदिलाबादकडील परधानांची तर घरची भाषा मराठी आणि गायनाची भाषा गोंडी, असे फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे. म्हणजे हा गायक आपल्याला वाटतो तितका परका नाही.

परधानाच्या गाण्यांचे तीन मोठे गट : गोंड राजांची ‘गोंडवानी’, पांडवांची ‘पंडवानी’ आणि ‘रामायनी’. यांतील रामायनी टीकाकाराने अवश्य पाहावी. तिचा नायक राम नव्हे, लछमन. तो वाद्य वाजवीत बसतो आणि त्या सुरांनी मोहित होऊन इंद्राची कन्या इंद्रकामिनी खाली येते. तो तिला प्रतिसाद देत नाही. तेव्हा ती आपल्या बांगड्या व कर्णभूषणे मोडून त्याच्या शय्येवर टाकून जाते. झाडलोट करताना ते तुकडे सापडतात, संशयाचे वर्तुळ सीतेपर्यंत येऊन पोचते, आणि अग्निदिव्य करावे लागते ते लछमनाला. वाल्मीकीच्या वाचकाला हा केवळ विपर्यास वाटेल. परंतु दिव्य स्त्रीने मर्त्य पुरुषाला वरावे हे सूत्र आयरिश कथेच्या तर प्राणस्थानी आहे. निअव ओशीनला चिरतारुण्याच्या देशी घेऊन जाते. फांड कूखुलिनला महिनोन् महिने आजारी पाडते. आयरिश कथेत पुरुष जातो, आणि परत येतो तेव्हा त्याचा काळ संपलेला असतो. परधानाच्या कथेत पुरुष जात नाही, आणि न जाण्याचाच दंड भोगतो. सूत्र एक, पण एकीत हरवलेल्या काळाचा शोक आहे आणि दुसरीत एकत्र कुटुंबातील दिराच्या निर्दोषत्वाची वेदना आहे. कथा कोणापुढे सांगितली जाते हे ठाऊक असले की साम्य बोलके होते, ते असे.

शब्दाचे भय सत्तेला वाटते, याचा दाखला जबलपुरात वेगळा शोधावा लागत नाही. गढा-मंडल्याच्या राजवंशातील शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी या शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात शत्रूंच्या संहारासाठी देवीला केलेली एक पद्यमय प्रार्थना होती. ब्रेस राजाला कवीच्या शब्दाने राज्य गमवावे लागले. येथे कवीलाच शब्दापायी प्राण द्यावे लागले.

४

कथा तोंडातून कागदावर आली म्हणजे ती वाचली, असे आपण सहज समजतो. तिचे काय होते हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल. स्कॉटलंडच्या जेम्स मॅक्फर्सनने १७६० पासून ओशियनच्या नावाने इंग्रजी गद्यकाव्ये प्रसिद्ध केली. सारा युरोप भारावला. गटेच्या तरुण वेर्थरच्या हाती ती आली. डॉक्टर जॉन्सनने मात्र मूळ हस्तलिखिते दाखवा, असा आग्रह धरला. मॅक्फर्सनने गेलिक पोवाडे ऐकले होते हे खरे. पण काळाच्या अभिरुचीला रुचेल असे धुके त्याने त्यांवर इतके पसरले की मूळ गायक त्यात दिसेनासा झाला.

दुसरे उदाहरण नागपूरचे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. एका परधानाच्या तोंडून त्याने लिंगोची कथा उतरवून घेतली : गुहेत कोंडलेल्या गोंडांची सुटका करणारा, ज्यांना जगवले त्या भावांकडूनच खोट्या आळापायी मारला जाणारा, पुन्हा उठून त्यांनाच मुक्त करणारा लिंगो. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावला आणि रिचर्ड टेंपलने त्याचे कागद १८६६ मध्ये छापले. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन फोर्साइथने मध्य भारतावरील आपल्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात घातली, तीही लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात. हा छंद लाँगफेलोने फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतलेला. म्हणजे नागपूरकडच्या परधानाची कथा फिनलंडच्या चालीवर, अमेरिकेमार्गे इंग्लंडात पोचली. या सर्व प्रवासात उतरवून घेणाऱ्याचे, छापणाऱ्याचे आणि छंदात बसवणाऱ्याचे नाव राहिले. सांगणाऱ्याची ओळख ‘एक परधान’ एवढीच उरली.

५

आता थोडे अप्रिय बोलणे प्राप्त आहे. आयर्लंडात कवींचा वर्ग आपोआप लयास गेला नाही. १६०१ च्या किन्सेलच्या पराभवानंतर, १६०७ मध्ये अल्स्टरचे सरदार देश सोडून गेले, आणि आश्रयदाताच नाहीसा झाल्यावर कवी निराधार झाला. गढा-मंडल्यात आश्रयदाता नाहीसा कोणी केला? १५६४ मध्ये राणी दुर्गावती मोगलांशी लढताना पडली, तरी राज्य टिकले होते. हिरदेशाहने रामनगरला राजवाडा बांधला आणि १६६७ च्या संस्कृत शिलालेखात आपली वंशावळ कोरवली. १७४२ मध्ये पेशव्यांची स्वारी मंडल्यापर्यंत येऊन चौथाई बसली. १७८१ मध्ये शेवटच्या राजाला दूर करून सागरच्या मराठी सत्तेने ते राज्य गिळले, आणि १७९८ पासून इंग्रज येईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. आयरिश कथा वाचताना आपली सहानुभूती साहजिकच कवीकडे जाते. महाकोशलात मात्र कवीचे छत्र ज्यांनी काढले, त्यांत आपले पूर्वज होते. इतिहासाचा हा हिशेब अपराधाच्या भावनेने फिटणारा नाही. पण तो मांडल्यावाचून येथील कथेपुढे बसण्याचा अधिकारही येत नाही.

हा हिशेब थोडासा फेडला तो एका मराठी माणसानेच. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विन यांच्याशी जोडले गेलेले शामराव हिवाळे १९३२ च्या आरंभी त्यांच्याबरोबर मंडला जिल्ह्यातील करंजियाला आले आणि याच भागाचे झाले. त्यांचे परधानांवरील पुस्तक १९४६ मध्ये निघाले. त्यात परधान हा सुट्या गाण्यांचा साठा म्हणून येत नाही. यजमानाशी असलेल्या नात्यासकट, मंगतेरीच्या वाटचालीसकट तो उभा राहतो. हे या पुस्तकाचे श्रेष्ठत्व. ते इंग्रजीत लिहिले गेले, हे त्या काळाचे बंधन. एल्विन यांचा १९४९ चा मध्य भारतातील पुराणकथांचा संग्रह व्याप्तीने कितीतरी मोठा. तथापि त्यात कथेच्या माथ्यावर जमात, गाव, जिल्हा येतो, सांगणाऱ्याचे नाव बहुधा येत नाही. मराठीत दुर्गा भागवतांनी मध्य प्रांतातील आदिवासींत प्रत्यक्ष वावरून अभ्यास केला आणि १९५६ मध्ये ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ देऊन या विषयाला शास्त्राची बैठक दिली. वाट अशी पाडलेली आहे.

आयर्लंडने याच वाटेने पुढे काय केले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे १९३५ मध्ये लोकपरंपरेचे सरकारी मंडळ स्थापन झाले. खेड्यापाड्यांतून पगारी संग्राहक नेमले गेले. १९३७-३८ मध्ये सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील पन्नास हजारांवर मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या कथा वह्यांत उतरवल्या. मंडळाचे प्रमुख डेलार्गी यांनी केरी परगण्यातील शॉन ओ कोनल या निरक्षर शेतकऱ्याच्या कथा वर्षानुवर्षे लिहून घेतल्या. श्रोते उरले नव्हते, तेव्हा हा म्हातारा गुरे राखताना कथा स्वतःलाच सांगत असे, विसरू नयेत म्हणून. १९३१ मध्ये तो वारला. १९४८ मध्ये पुस्तक निघाले, त्याचे नाव ‘शॉन ओ कोनलचे पुस्तक’. संग्राहकाने मुखपृष्ठावर सांगणाऱ्याला धनी म्हणून बसवले. लेन्स्टरच्या ग्रंथातील लॅटिन टीप खऱ्या अर्थाने खोडली गेली ती येथे.

६

याउलट मार्गही आयर्लंडने दाखवला आहे. १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून डब्लिनच्या टपाल कचेरीत मरणोन्मुख कूखुलिनचा पुतळा बसवला गेला. पुढे अल्स्टरमधील विरुद्ध पक्षानेही त्याच कूखुलिनला आपला रक्षक म्हणून भिंतीवर रंगवले. पुतळा कोणाचाही होऊ शकतो. फेर्दियासाठी रडणारा कूखुलिन मात्र कोणत्याच पक्षाच्या उपयोगाचा नसतो. जबलपुरातही राणी दुर्गावतीचे नाव विद्यापीठाला आहे, संग्रहालयाला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु नाव दिले की कथा ऐकण्याचे कर्तव्य संपते, अशी समजूत होऊ नये.

परधानाने स्वतः एक तिसरी वाट काढली. पाटनगढचा जनगढ सिंह श्याम हा तरुण परधान १९८० नंतरच्या पहिल्याच वर्षांत जगदीश स्वामीनाथन यांच्या दृष्टीस पडला आणि भोपाळच्या भारत भवनात आला. ज्या देवांना बान्यावर आळवायचे, ते त्याने ठिपक्यांनी आणि रेघांनी कागदावर आणले. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसला गेली. २००१ मध्ये जपानात त्याचा दुर्दैवी अंत झाला. त्याच्या मागून आलेल्यांपैकी भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे निदान धन्याचे नाव चित्राखाली आहे, आणि ही मोठीच गोष्ट होय. मात्र जगभर गेलेल्या या चित्रांपुढे उभ्या राहणाऱ्याला साजाचे झाड दिसते, त्याखालचे गाणे ऐकू येत नाही. चित्र विकत घेता येते. मंगतेरीचे देणे त्याने फिटत नाही.

म्हणून केल्टिक कथांचे वाचन मराठी माणसाने, विशेषतः नोकरीच्या निमित्ताने या मुलखात दहा-पाच वर्षे काढणाऱ्याने, थोड्या वेगळ्या दृष्टीने करावे, असे सुचवावेसे वाटते. येट्सच्या तळटिपेवरून कूखुलिनपर्यंत जाणे चांगलेच. पण कूखुलिनवरून लछमनापर्यंत यायला जबलपूरहून मंडल्याची मोटार पुरते. तेथे जो कोणी ऐकून लिहील, त्याने सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याचा यजमान कोण हे आधी लिहावे. आपल्याला खटकलेले शब्द गाळू नयेत, आणि छंद सुधारू नये. मुर्गेनपाशी ना ज्ञानकोश होता, ना मोबदला. तो थडग्यापाशी बसला, त्याने प्रथम स्वतःचे गीत अर्पण केले, आणि मगच फर्गस बोलला. बदलीच्या हुकमाने बांधलेल्या माणसालाही तीन दिवस आणि तीन रात्री काढता येतात.